मद्रासचें अर्मनी देऊळ व त्याची पंचायत

१. प्रास्ताविक

मद्रास, म्हणजे आजचें चेन्नई, ह्या शहराच्या जुन्या व्यापारी पेठेंत, सेंट जॉर्ज किल्ल्याच्या उत्तरेस, अर्मेनियन स्ट्रीट नांवाचा एक रस्ता आहे. तमिळ भाषेंत ह्याच रस्त्यास 'अरण्मनैकारन' असें नांव आहे. 'अरण्मनै' ह्या तमिळ शब्दाचा अर्थ राजवाडा. तेव्हां नुसत्या नांवावरून येथें कोणा राजाचा वाडा असावा असा तर्क एखादा संशोधक करील. परंतु 'अर्मनी' हा फारसी शब्द तमिळ मुखांत घोळून 'अरण्मनै' झाला, अशी ह्या नांवाची उपपत्ति सांगण्यांत येते, व ध्वनीच्या दृष्टीनें ती आम्हांस ग्राह्य वाटते. परकीय शब्दास ओळखीच्या शब्दाचें रूप देण्याची लोकांची खोड सर्व भाषांत सारखीच आहे.

ह्या रस्त्यावर कुमारी मेरीच्या नांवानें अर्पण केलेलें अर्मनी लोकांचें देऊळ उभें आहे. ज्या समाजानें तें बांधलें तो संख्येनें केव्हांही मोठा नव्हता, व आज तर तो त्या शहरांत जवळ जवळ नाहींसाच झाला आहे. असें असतां ह्या देवळाचा इतिहास लिहिण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न वाचक करतील. त्याचें उत्तर असें कीं, ज्यांचें राज्य शेंकडों वर्षांपूर्वीं नष्ट झालें होतें अशा एका लोकसमूहानें आपलें न्यायदान, शिक्षण, दानधर्म, मुद्रण व शेवटीं राज्यविषयक विचार, हें सर्व एका देवळाच्या आश्रयानें कसें चालविलें, त्याचें हें उदाहरण आहे. आणि ह्या इतिहासाचीं साधनें शिला, घंटा, करारपत्रें व छापील ग्रंथ अशीं असल्यामुळें तीं आमच्या वाचकांच्या अभ्यासाचाच विषय होत.

२. जुल्फाचे अर्मनी

हिंदुस्थानांत आलेल्या अर्मनी व्यापाऱ्यांपैकीं बहुतेक सर्व आपलें मूळ जुल्फा येथें सांगत. जुल्फा नांवाचे गांव दोन. जुनें जुल्फा अरास नदीच्या कांठीं होतें. इराणचा शहा अब्बास ह्यानें तुर्कांशीं युद्ध चालू असतां १६०४-०५ च्या सुमारास तेथील सर्व वस्ती उठविली, आणि आपली राजधानी इस्पहान हिच्या शेजारीं झायंदे नदीच्या पलीकडे तिला नवी जागा दिली. तेंच नवें जुल्फा. स्थलांतरांत पुष्कळ माणसें मेलीं. पण जीं वांचलीं त्यांच्या हातीं शहानें रेशमाचा व्यापार दिला, आणि एका पिढीच्या आंत हे निर्वासित लोक आमस्टरडॅमपासून मनिलापर्यंत व्यापार करूं लागले.

त्यांच्या व्यापाराची रीत अशी होती. धनी जुल्फास बसे. त्याचा मुनीम भांडवल घेऊन दूरदेशीं जाई, वर्षानुवर्षें तेथें राही, आणि परत येऊन पैपैचा हिशेब देई. नफ्याचा ठराविक वांटा मुनिमाचा. अशा एका मुनिमाची, होव्हान्नेस जुल्फेत्सी ह्याची, १६८२ ते १६९३ ह्या काळांतील हिशेबाची वही उपलब्ध आहे. हा गृहस्थ सुरत, आग्रा ह्या मार्गानें तिबेटांत ल्हासापर्यंत गेला व तेथें कांहीं वर्षें राहिला. त्याची वही पोर्तुगालांत लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत सांपडली, आणि १९८४ सालीं येरेव्हान येथें छापून प्रसिद्ध झाली. जुल्फाच्या मुनिमाची वही लिस्बनला मिळावी, ह्यावरून ह्या लोकांचीं कागदपत्रें कोठें कोठें विखुरलीं असतील ह्याची कल्पना यावी.

धर्माच्या बाबतींत हिंदुस्थानांतील अर्मनी देवळें जुल्फाच्या धर्माध्यक्षाच्या अधिकाराखालीं असत, व पुरोहित तिकडूनच येत. सर्वोच्च धर्मगुरु, ज्यास ते 'काथोलिकोस' म्हणतात, तो अर्मेनियांत एच्मियाझिन येथें असे. म्हणजे मद्रासच्या माणसाचा व्यवहार इंग्रजांशीं, हिशेब जुल्फाशीं, आणि निष्ठा एच्मियाझिनशीं.

३. १६८८ चें करारपत्र

इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीनें २२ जून १६८८ रोजीं लंडन येथें ख्वाजा पानोस कलंतर नांवाच्या अर्मनी व्यापाऱ्याशीं करार केला. मध्यस्थ होता प्रसिद्ध प्रवासी सर जॉन शार्दां. कंपनीचा हेतु उघड होता. जो माल अर्मनी लोक खुष्कीच्या मार्गानें तुर्कस्तानांतून युरोपांत नेत, तो त्यांनीं कंपनीच्या जहाजांतून न्यावा. त्याच्या मोबदल्यांत अर्मनी लोकांस कंपनीच्या ठाण्यांत राहण्याची, जमीनजुमला घेण्याची व इंग्रजांच्या बरोबरीनें व्यापार करण्याची मोकळीक मिळाली.

ह्या करारांतील देवळाविषयींचें कलम आमच्या विषयास फार महत्त्वाचें आहे. त्याचा आशय असा: कंपनीच्या ज्या ठाण्यांत चाळीस किंवा अधिक अर्मनी वस्ती करून राहतील, तेथें त्यांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक राहील, देवळासाठीं जमिनीचा तुकडा देण्यांत येईल, कंपनी स्वखर्चानें लांकडी देऊळ बांधून देईल, तें पुढें त्यांनीं हवें तर दगडाचें करावें, आणि ते ज्या पुरोहितास निवडतील त्याच्या निर्वाहासाठीं सात वर्षें दरसाल ५० पौंड दिले जातील.

ह्या कलमाचा नीट विचार केला म्हणजे त्यांत चार घटक दिसतात: माणसें, भूमि, लांकूड आणि पुरोहित. ह्यांपैकीं भूमि व लांकूड कंपनीचें. माणसें व पुरोहिताची निवड अर्मनी समाजाची. पुरोहित कोण असावा हें ठरविण्याचा अधिकार समाजाकडे ठेवल्यानें, तो अधिकार चालविण्यासाठीं समाजाची कांहीं तरी सभा असणें ओघानेंच आलें. पुढील काळीं मद्रासच्या अर्मनी पंचायतीनें जें जें केलें त्याचें बीज आमच्या मतें ह्या एका शब्दांत आहे. आपल्याकडील गांवकीचे वतनी कागद ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस हें सांगावयास नको कीं, उपाध्याय नेमण्याचा हक्क ज्याचा, त्याच्याकडे हळू हळू गांवचे इतर निवाडेही येऊं लागतात.

४. पहिलें देऊळ व त्याचा नाश

मद्रासमधील पहिलें अर्मनी देऊळ १७१२ सालीं बांधलें गेलें. तें किल्ल्याला लागून असलेल्या जुन्या ब्लॅक टाउनमध्यें होतें. ज्या जागेवर ती पेठ होती तेथें आज मद्रास हायकोर्टाची इमारत आहे. पेठेचा मागमूस नाहीं. त्याचें कारण युद्ध. १७४६ सालीं फ्रेंचांनीं मद्रास घेतलें. किल्ल्याच्या तटाजवळ दाट वस्ती असणें लष्करी दृष्ट्या धोक्याचें, म्हणून फ्रेंचांनीं पेठेचा मोठा भाग पाडला, व राहिलेला पुढें इंग्रजांनीं पाडून मैदान केलें. त्या धामधुमींत देऊळही गेलें.

ह्याच वर्षांत अर्मनी व्यापारावर दुसरे दोन आघात झाले. इराणांत नादिरशहानें १७४६-४७ मध्यें जुल्फाच्या व्यापाऱ्यांकडून जुलमानें इतका पैसा उकळला कीं मूळ पेढ्याच खचल्या. आणि १७४८ सालीं इंग्रज आरमारानें कोरोमंडलच्या किनाऱ्याजवळ 'सांता कातारिना' नांवाचें, अर्मनी माल भरलेलें जहाज शत्रूचें म्हणून पकडलें. माल आपला, फ्रेंचांचा नव्हे, हें सिद्ध करण्यासाठीं अर्मनी व्यापारी लंडनपर्यंत भांडले. जहाजावरचीं जुल्फाच्या बोलींतील शेंकडों पत्रें पुरावा म्हणून न्यायालयांत दाखल झालीं, आणि म्हणूनच वांचलीं. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनच्या सरकारी दफ्तरखान्यांत तीं उजेडांत आलीं, व जुल्फाच्या व्यापाराचा इतिहास त्यांच्या आधारें नव्यानें लिहिला गेला. ज्या कज्जांत त्या व्यापाऱ्यांचें नुकसान झालें, त्याच कज्जानें इतिहासकारांस हें धन मिळवून दिलें.

एक्स-ला-शापेलच्या तहान्वयें १७४९ सालीं मद्रास इंग्रजांस परत मिळालें. आतां अर्मनी लोकांस पूर्वीची जागा मिळावी अशी अपेक्षा होती. परंतु फ्रेंच अमदानींत जे लोक शहरांत राहिले त्यांच्याविषयीं कंपनीच्या मनांत संशय भरला होता. रोमन कॅथलिक व अर्मनी ह्यांनीं किल्ल्याच्या आंतील गोऱ्या वस्तींत घरें ठेवूं नयेत असा हुकूम निघाला. ६१ वर्षांपूर्वीं ज्यांस इंग्रजांच्या बरोबरीचे हक्क लेखी दिले होते त्यांस तटाबाहेर काढण्यांत आलें. करारपत्र रद्द केल्याचें कोणी म्हटलें नाहीं. तें फक्त बाजूस ठेवलें गेलें. सनदा व कौल ह्यांचा अभ्यास करणाऱ्यांस हा प्रकार नवा नाहीं.

५. ख्वाजा पेत्रुस उस्कान

वरील हुकुमांतून ज्यास वगळण्यांत आलें असा एक अर्मनी होता. त्याचें नांव ख्वाजा पेत्रुस उस्कान. हा १७२३ च्या सुमारास मनिलाहून मद्रासला आला व तेथेंच स्थायिक झाला. १७२६ सालीं त्यानें सैदापेठजवळ अड्यार नदीवर स्वखर्चानें पूल बांधला. त्यास मार्मलाँग पूल म्हणत. सेंट थॉमस टेंकडीवर जाणाऱ्या यात्रेकरूंसाठीं पायऱ्याही त्यानेंच बांधविल्या. फ्रेंचांनीं शहर घेतलें तेव्हां ड्युप्लेनें त्यास आपल्याकडे ओढण्याचा प्रयत्न केला. पण त्यानें इंग्रजांची बाजू सोडली नाहीं, व त्यापायीं मद्रासमधील मालमत्ता गमावली. म्हणूनच पुढें त्याला एकट्याला तटाच्या आंत राहूं देण्यांत आलें.

पुलाजवळ त्यानें बसविलेल्या शिलेवर अर्मनी, फारसी व लॅटिन अशा तीन भाषांत लेख आहेत. हा लेख आम्हांस मोठा बोलका वाटतो. अर्मनी आपल्या लोकांसाठीं, फारसी कर्नाटकच्या नबाबाच्या दरबारासाठीं, व लॅटिन युरोपियनांसाठीं. मध्यस्थ व्यापाऱ्याला ज्या तीन जगांत वावरावें लागे तीं तिन्ही एका दगडावर आलीं आहेत. जुना पूल जाऊन १९६६ सालीं त्या जागीं नवा पूल झाला, तरी शिला राखून ठेवण्यांत आली, हें समाधानाचें आहे.

उस्कान १५ जानेवारी १७५१ रोजीं मरण पावला. त्याच्या इच्छेप्रमाणें त्याचें हृदय एका पेटींत घालून जुल्फास पाठविण्यांत आलें, व शरीर मद्रासजवळ वेपेरी येथें, त्यानें ज्याचा जीर्णोद्धार केला होता त्या प्रार्थनामंदिरांत पुरलें. पण तें मंदिर कॅथलिकांच्या हातीं राहूं नये म्हणून कंपनीनें पुढच्याच वर्षीं प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांस दिलें. एकनिष्ठ माणसाच्या थडग्याभोंवतींचें देऊळ त्याच्या मागें फार काळ त्याच्या लोकांकडे राहिलें नाहीं. एका व्यक्तीवर झालेली मेहेरबानी हा समाजाचा हक्क होत नाहीं, हा धडा मद्रासच्या अर्मनी लोकांनीं येथें घेतला असावा. पुढच्या पिढीनें जें केलें त्यावरून तसें अनुमान काढतां येतें.

६. १७७२ चें देऊळ व शहामीरचा छापखाना

सध्यांचें देऊळ १७७२ सालीं, नव्या पेठेंत, जुन्या दफनभूमीच्या जागीं बांधलें गेलें. १७१२ पासून १७७२ पर्यंत बरोबर साठ वर्षें, म्हणजे आपलें एक संवत्सरचक्र झालें. हा योगायोग आहे, पण सन लक्षांत ठेवण्यास सोयीचा आहे.

त्याच सुमारास, १७७१-७२ सालीं, शहामीर शहामीरियान (१७२३–१७९७) ह्या जुल्फांत जन्मलेल्या धनाढ्य व्यापाऱ्यानें मद्रासमध्यें अर्मनी छापखाना सुरू केला. हिंदुस्थानांतील हा पहिला अर्मनी छापखाना. त्यांतून प्रथम मुलांसाठीं बाळबोध अक्षरांचें पुस्तक निघालें. ज्याचा सारा जन्म मुलांस धुळाक्षरें व रूपें घोकविण्यांत गेला त्यास ह्या क्रमाचें महत्त्व विशेष वाटणार. कारण ज्यांस राष्ट्र नव्यानें उभें करावयाचें असतें ते बहुधा वर्णमालेपासूनच आरंभ करतात. त्यानंतर १७७२ सालींच 'होर्दोराक' म्हणजे 'उपदेश' नांवाचें पुस्तक निघालें. त्याचा कर्ता मोव्हसेस बाघ्रामियान हा शहामीरच्या घरीं शिक्षक होता. आपलें राज्य कां गेलें, व तें परत मिळविण्यासाठीं तरुणांनीं काय करावें, हा त्या पुस्तकाचा विषय.

ह्या पुस्तकावर एच्मियाझिनचा काथोलिकोस सिमेओन येरेव्हान्त्सी अत्यंत रुष्ट झाला. प्रति जमा करून जाळाव्यात असा त्याचा आदेश निघाला, व बाघ्रामियान बहिष्कृत झाला. सिमेओन हा कोणी अज्ञ किंवा विद्याद्वेष्टा नव्हता. अर्मेनियाच्या भूमीवरील पहिला छापखाना त्यानेंच १७७१ सालीं एच्मियाझिन येथें स्थापिला, व त्याचा खर्च दिला मद्रासच्याच ग्रिगोर खोजाजानियान नांवाच्या व्यापाऱ्यानें. म्हणजे एकाच वर्षाच्या मागेंपुढें मद्रासच्या पैशावर दोन छापखाने उभे राहिले, आणि एकाच्या पुस्तकास दुसऱ्याच्या धन्यानें अग्नि देवविला. सिमेओनची अडचण आपण समजून घेतली पाहिजे. मद्रासचा व्यापारी इंग्रजी निशाणाच्या छायेंत बसून स्वातंत्र्याविषयीं लिही. सिमेओन तुर्क व इराणी ह्यांच्या मधोमध बसला होता. मद्रासमध्यें छापलेल्या शब्दाचा दंड एच्मियाझिनच्या गांवकऱ्यांस भरावा लागण्याचें भय त्यास होतें. दोघांचेंही म्हणणें आपापल्या जागीं खरें होतें, म्हणूनच हा वाद आम्हांस उद्बोधक वाटतो.

शहामीर मात्र थांबला नाहीं. 'व्होरोगाइत् फारात्स', म्हणजे 'कीर्तीचा पाश', ह्या ग्रंथांत त्याच्या मंडळानें भावी अर्मेनियाची राज्यघटना लिहिली. तींत ५२१ कलमें आहेत. लोकनियुक्त सभा, कायद्यापुढें सर्वांची समानता, व शासकावरही कायद्याचें बंधन, हीं तिचीं मुख्य तत्त्वें. मुखपृष्ठावर १७७३ हा सन व शहामीरचा पुत्र हाकोब ह्याचें नांव आहे. परंतु ग्रंथ प्रत्यक्षांत १७८८-८९ च्या सुमारास छापला गेला असें आतां विद्वान मानतात, व हाकोब तर १७७४ सालींच वारला होता. मुखपृष्ठावरील सनावर विसंबून राहूं नये, हा नियम छापील ग्रंथांसही लागू आहे, ह्याचें हें चांगलें उदाहरण होय.

ह्या दोन प्रसिद्ध पुस्तकांच्या मानानें 'न्शावाक' ह्या १७८३ च्या पुस्तकाकडे लोकांचें लक्ष कमी जातें. आमच्या विषयास मात्र तेंच अधिक जवळचें. मद्रासच्या अर्मनी समाजाचा कारभार कसा चालावा ह्याचे नियम त्यांत आहेत. जो गृहस्थ न जन्मलेल्या राज्यासाठीं ५२१ कलमें लिहीत होता, त्यानें आपल्या पेठेंतील पंचायतीसाठींही लेखी नियम केले. ह्यावरून आम्हांस असें वाटतें कीं, त्याच्या राज्यघटनेचें मूळ युरोपांतील ग्रंथांइतकेंच ह्या देवळाच्या पंचायतींतही शोधावें. एकत्र बसून ठराव करणें, वर्गणीचा हिशेब मागणें, पुरोहिताची निवड करणें, ह्यांची संवय ज्यांस होती त्यांस लोकनियुक्त सभेची कल्पना करणें कठीण गेलें नसेल.

७. पुरोहित हारुथ्यून श्माव्होनियान

१७८४ सालीं ह्या देवळास हारुथ्यून श्माव्होनियान (१७५०–१८२४) हा पुरोहित म्हणून आला. हा मूळचा इराणांतील शिराजचा. तेथें त्याचे दोन पुत्र अल्पावधींत मरण पावले, व त्या दुःखानें तो संसारापासून दूर होऊन कित्येक वर्षें दरवेशांच्या सहवासांत राहिला. तेथें त्यानें फारसीचा उत्तम अभ्यास केला. पुढें तो मद्रासला आला व मरेपर्यंत तेथेंच राहिला.

त्यानें १७८९ सालीं स्वतःचा छापखाना घातला. खिळे त्याचेच, व कागदही पुढें तो स्वतः तयार करूं लागला. ऑक्टोबर १७९४ मध्यें त्यानें 'अझ्दारार' म्हणजे 'वार्ताहर' नांवाचें मासिक काढलें. जगांतील अर्मनी भाषेचें हें पहिलें नियतकालिक होय. १७९६ पर्यंत त्याचे १८ अंक निघाले. जहाजांच्या बातम्या, पंचांग, जाहिराती, पत्रव्यवहार, इतिहासाचे उतारे, असें त्याचें स्वरूप होतें. वर्गणीदार थोडे, म्हणून तें बंद पडलें. फारसी ग्रंथ छापण्याची परवानगी अर्काटच्या नबाबानें त्यास दिली होती, ह्यावरून त्याच्या विद्वत्तेचा लौकिक समाजाबाहेरही पोंचला होता असें दिसतें. एका लहान देवळाच्या उपाध्यायानें आपल्या भाषेंतील वृत्तपत्रविद्येचा पाया घातला. त्याचें थडगें ह्याच देवळाच्या आवारांत आहे.

ह्याच समाजांतील आगा सॅम्युएल मुराद हा १८१६ सालीं मद्रासमध्यें वारला. त्याच्या व एडवर्ड राफाएल घारामियान ह्याच्या दानांतून इटलींत अर्मनी मुलांसाठीं विद्यालयें निघालीं. एक १८३४ सालीं पादुआ येथें व दुसरें १८३६ सालीं व्हेनिस येथें. मद्रासच्या कापडावर मिळविलेला पैसा अशा रीतीनें व्हेनिसच्या शाळेंत गेला.

८. शिला व कालगणना

देवळाच्या आवारांत सुमारें ३५० अर्मनी लोकांचीं थडगीं आहेत असें सांगतात. घंटाघरांत सहा मोठ्या घंटा आहेत. त्यांपैकीं दोन लंडनच्या टॉमस मीअर्सनें १८३७ सालीं ओतलेल्या असून, एकीवर तमिळ लेख आहे. अर्मनी देवळांतील घंटेवर तमिळ अक्षरें असावीं, ह्यावरून हा समाज ज्या भूमींत राहिला तिच्याशीं त्याचें नातें केवळ व्यापाराचें नव्हतें, असें म्हणतां येईल.

अर्मनी शिलालेख वाचणाऱ्यास दोन गोष्टी ठाऊक पाहिजेत; त्या येथें थोडक्यांत देतों. पहिली, अंकांची. मेस्रोप माश्तोत्स ह्यानें इ. स. ४०५ च्या सुमारास निर्मिलेल्या लिपींत ३६ अक्षरें होतीं. त्यांच्या नऊ नऊच्या चार ओळी मांडल्या म्हणजे पहिली ओळ एकंची, दुसरी दहंची, तिसरी शतंची व चौथी सहस्रांची होते. आपल्या कटपयादि पद्धतींत अक्षराची किंमत त्याच्या स्थानानें बदलते. अर्मनी पद्धतींत ती कायम असते, म्हणून अक्षरांची केवळ बेरीज करावी लागते.

दुसरी, शकांची. मोठा अर्मनी शक इ. स. ५५२ मध्यें सुरू होतो. त्या वर्षांत ५५१ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. ह्या वर्षास ३६५ दिवस असून अधिक दिवस नाहीं, म्हणून वर्षारंभ सरकत जातो, व तिथि न दिल्यास एका वर्षाचा फरक पडूं शकतो. सुरतेच्या दफनभूमींतील एका शिलेवर १०२८ हा आंकडा आहे, तो ह्या रीतीनें १५७९ होतो. दुसरा, लहान किंवा अझारियाचा शक, जुल्फाच्या व्यापाऱ्यांत प्रचलित होता. तो १६१६ च्या वसंतांत सुरू होतो, म्हणून त्यांत १६१५ मिळवावे. 'अझ्दारार'चा पहिला अंक ह्या गणनेनें १७९ व्या वर्षाचा. तेव्हां आंकडा हजारावर असेल तर मोठा शक, व दोनशेंच्या आसपास किंवा कमी असेल तर लहान शक, असा व्यवहारोपयोगी नियम करावा.

ह्या गणनेवर किती अवलंबून असतें तें कलकत्त्याच्या एका शिलेवरून दिसेल. तेथील नाझारेथच्या अर्मनी देवळाच्या आवारांत दानशूर सुकियासची पत्नी रेझाबीबी हिची शिला आहे. मेस्रोव्ब सेठ ह्या अर्मनी संशोधकानें तिच्यावरील लहान शकाचें वर्ष १५ असें वाचलें. १५ अधिक १६१५ म्हणजे १६३०. हें वाचन खरें असेल तर जॉब चार्नॉकनें १६९० मध्यें कलकत्त्यास ठाणें घालण्यापूर्वीं साठ वर्षें तेथें अर्मनी वस्ती होती. सर्व पंडितांनीं हें वाचन निःशंकपणें स्वीकारलेलें नाहीं. शिला मागाहून आणली गेली असेल अशीही शंका घेतली जाते. पण दोन अक्षरांच्या वाचनावर एका महानगराच्या आरंभाचा वाद उभा आहे, ही गोष्ट शिलांचे ठसे काळजीपूर्वक घेणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

९. मुंबईचें देऊळ व उपसंहार

मद्रासच्या समाजाचा ऱ्हास एकाएकीं झाला नाहीं. कापडाचा व्यापार कंपनीनें आपल्या हातीं घेतला. जुल्फाच्या पेढ्या खचल्या होत्या. व्यापाराचें केंद्र कलकत्त्यास गेलें, व तेथून अर्मनी लोक रंगून, सिंगापूर, बटेव्हिया इकडे सरकले. कलकत्त्यास १८२१ सालीं अर्मनी विद्यालय निघालें, तें अद्याप चालू आहे, व मद्रासच्या देवळाची व्यवस्थाही कलकत्त्याची अर्मनी मंडळीच पाहते.

आमच्या प्रांतांतही ह्या इतिहासाची एक शाखा आहे. मुंबईच्या कोटांत, मेडोज स्ट्रीटवर (आजचा नगिनदास मास्तर रस्ता), याकोब पेत्रुस ह्यानें १७९६ सालीं सेंट पीटरच्या नांवानें अर्मनी देऊळ बांधलें. जुनी वास्तु जाऊन १९५७ सालीं तेथें नवें बांधकाम झालें. शेजारील इमारतीस अर्मनी लोकांच्या पवित्र पर्वतावरून 'अरारात' असें नांव आहे. त्या रस्त्यानें रोज हजारों माणसें जातात, परंतु तें नांव कोणाच्या पर्वताचें हें थोड्यांसच ठाऊक असेल.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. १६८८ च्या करारांत देवळासाठीं चाळीस माणसांची अट होती. आज मद्रासमध्यें चाळीस अर्मनी नाहींत. त्या कलमाच्या गणितानें पाहिलें तर तेथें देऊळ असण्याचा आधार उरत नाहीं. आणि तरीही ज्यांनीं कलम लिहिलें ती कंपनी १८७४ मध्यें विसर्जित झाली, तिचें राज्य गेलें, तिच्या पाठीमागून आलेलें साम्राज्यही गेलें. देऊळ उभें आहे. ह्याचें श्रेय लांकूड व जमीन देणाऱ्यांपेक्षां पंचायतीकडे अधिक जातें असें आमचें मत आहे. १७४९ सालीं हक्क कागदावरच राहिला असतां ज्यांनीं स्वतःच्या नियमांचें पुस्तक छापलें, त्यांनीं आपला समाज कोणाच्या मेहेरबानीवर ठेवला नाहीं.

शेवटीं संग्राहक बंधूंस एक विनंति. जुल्फाचे मुनीम सुरत, बऱ्हाणपूर व मुंबई ह्या पेठांतून वावरत होते. जुन्या सावकारी दफ्तरांत कधीं कधीं एखादी हुंडी, मोहोर किंवा पावती अनोळखी लिपींत आढळते, आणि ती निरर्थक समजून बाजूस टाकली जाते. अशा कागदावर गोलसर वळणाचीं, सुटीं, शिरोरेषा नसलेलीं अक्षरें दिसलीं तर तो कागद टाकूं नये; त्याचें छायाचित्र घेऊन तो कोणत्या दफ्तरांत, कोणत्या रुमालांत सांपडला त्याची नोंद करावी. लिस्बनची वही व लंडनचीं पत्रें अशींच दुसऱ्यांच्या कागदांत पडून राहिलीं होतीं. त्यांच्यासारखें एखादें पान आमच्या महाराष्ट्रांतील कोणा घराच्या माळ्यावरही असूं शकेल, आणि तें ओळखणारा मिळेपर्यंत टिकविणें एवढें तर आपल्या हातीं आहे.